बिनअक्षराची खोली

१

सगळ्यांचे डोळे जागच्या जागी होते. नव्हते ते फक्त बातमीवालीचे.

"बघ," डोळेकाका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या थोरल्या बहीण, सगळ्यांच्या आत्या, शेजारच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. बाहेर सकाळचं धुकं खिडकीच्या काचेला गाल लावून उभं होतं. काका एकेक फोल्डर उघडत होते, मिटत होते, आणि पडद्यावर बुबुळं उमलत होती. मधाच्या रंगाचं, राखेच्या रंगाचं, भिजल्या मातीसारखं, एक अगदी काळंभोर. प्रत्येक बुबुळ क्षणभर आत्यांकडे टक लावून बघे आणि विरघळून जाई. आपण जाग्या आहोत की पहाटेचं काही बघतोय, असं आत्यांना वाटून गेलं.

"हा झाला अलीकडचा. हा पलीकडचा. मधला कुठं आहे?"

काका कृत्रिम डोळे बनवायचे. आधी खोबणीचा मेणाचा साचा, मग त्यावरून पांढरी घडण, त्यावर लाल रेशमाचे तंतू पसरून केलेल्या शिरा, आणि मधोमध बारीक ब्रशनं रंगवलेलं बुबुळ. एरवी गिऱ्हाइकाचा दुसरा डोळा समोर असतो, त्याच्याकडे बघत रंग जुळवायचा. बातमीवालीचं तसं नव्हतं. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या या मुलीचा एक डोळा लहानपणीच गेला होता. तेव्हापासून ती काकांकडे यायची. आता दुसराही आजारानं काढावा लागला. तो काढण्याआधी काकांनी आपल्या खास कॅमेऱ्यानं त्याचे फोटो घेऊन ठेवले होते. घारा डोळा, पण निळ्याकडे झुकणारा. घरच्या फोटोंत तो कधी करडा दिसे, कधी हिरवा. जुन्या खोट्या डोळ्याचा रंग तर कधीच विटला होता. खरा रंग कुठं शिल्लक असेल तर तो या फोल्डरमध्येच होता.

हा कॅमेरा जुन्या कॉम्प्युटरलाच जोडता येई. नव्या कॉम्प्युटरला त्याची ओळखच पटत नसे. म्हणून काकांनी तो म्हातारा डबा जिवापाड जपला होता. त्याची हार्ड डिस्क कण्हायला लागली तेव्हा डबा न बदलता त्यांनी नुसती नवी डिस्क बसवून घेतली.

"मी स्वतः तपासलं होतं, ताई. नव्या डिस्कवर सगळं उतरलं होतं. ही पण होती. मग मीच सांगितलं, जुनी पुसून टाक. लोकांचे डोळे आहेत ते, कुठंतरी पडून राहायला नकोत."

"त्यानंतर इथं कोण कोण आलं?"

"रंगताई तर रोज कामाला असतेच. बातमीवाली आणि तिची आई साच्यासाठी येऊन गेल्या. आणि तो फुंकऱ्या! डिस्क त्यानंच बसवली. बॅटरी विसरली म्हणून परत आला होता. त्यानंच घात केला. त्याला सांगून टाकलंय, या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. आणि गावभर सांगणार आहे मी. बोल, पोलिसांत जाऊ?"

"जाऊन काय सांगशील, डोळे हरवले? ते तुलाच चष्मा लावायला सांगतील."

एरवी काका खो खो हसले असते. आज हसले नाहीत.

आत्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती. बांधावरून हमरीतुमरीवर आलेली माणसं त्यांनी इतकी पाहिली होती, की कोण खोटं बोलतंय हे कळायच्या आधी कोण कशाला घाबरतंय हे त्यांना कळे. त्यांनी पर्स उघडून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा आत ठेवला.

"धाकट्या, फोल्डरवर नावं का नाहीत?"

"कुणाचा डोळा खोटा आहे हे चारचौघांना कळू नये म्हणून. नुसते नंबर. मला पाठ आहेत, रंगताईला पाठ आहेत."

"आणि ज्याचा त्याला."

"हो, ज्याचा त्याला."

"मग हे चुकून गेलेलं नाही," आत्या उठल्या. "चुकून गेलं असतं तर शेजारचे चारही ओढून नेले असते. तुझ्या ओळखीच्याच माणसानं नेमका तेवढा उचललाय."

२

फुंकऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. कोणतंही यंत्र उघडण्याआधी तो त्यावर जोरात फुंकर मारी, म्हणून हे नाव. आत्या गेल्या तेव्हा तो उघड्या रेडिओसमोर हातावर हात ठेवून बसला होता. धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

"काकांनी पाठवलं ना? सांगा त्यांना, मी हात लावलेला नाही."

"मला कुणी पाठवलं नाही. मला डिस्कमधलं ओ की ठो कळत नाही. समजावून सांगशील?"

समजावून सांगायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्यानं आत्यांना बसायला खोकं पुढं केलं.

"नवी डिस्क जुन्या डब्यात बसवणं म्हणजे कटकट असते हो. केबलच बसेना. मध्ये जोड लावला. मग डब्याला डिस्क दिसायला लागली, पण थोडीच. एवढी मोठी डिस्क असते हेच त्याला माहीत नाही बिचाऱ्याला. बोर्डातला प्रोग्राम नवा घातला तेव्हा कुठं त्याला सगळी दिसली. नवी डिस्क म्हणजे मोकळं मैदान बघा. तिच्यात आधी भिंती घालून खोल्या करायच्या, पार्टिशन म्हणतात त्याला. मग प्रत्येक खोलीला एक अक्षर द्यायचं. अक्षर असेल तर खोलीला दार. पहिली खोली सी, तिच्यात विंडोज. दुसरी डी, तिच्यात काकांचे डोळे. बाकी जागा मी तशीच सोडली. पुढं लागली तर बांधतील."

"त्यांना बांधता येईल?"

"दाखवलं की मी. काका आणि रंगताई दोघंही होते. एक खोली बांधून दाखवली, मोडून दाखवली. पडद्यावर नकाशाच येतो. बांधलेली खोली गडद निळी, मोकळी जागा काळी. लहान मूलही ओळखेल."

"आणि खोली बांधली, पण अक्षरच दिलं नाही तर?"

फुंकऱ्या हसला. "तर खोली आहे, पण दार नाही. एरवी काम करताना ती दिसायचीच नाही. फक्त नकाशात दिसेल."

"तुला एखादी गोष्ट त्या डिस्कमध्ये लपवायची असती, तर अशी लपवली असतीस?"

"मी?" त्याला हा प्रश्न जिव्हारी लागला. "काय आत्याबाई! नकाशा उघडला की समोर दिसणार. हे काय लपवणं झालं? मी लपवली असती तर माझी मलासुद्धा सापडली नसती."

आत्या जिन्याखालून बाहेर आल्या तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. त्यांच्या मनात फुंकऱ्याचं शेवटचं वाक्य घोळत राहिलं.

३

दुपारी काकांच्या कारखान्यात पेंगुळलेली शांतता होती. काका आतल्या खोलीत आडवे झाले होते. खिडकीजवळच्या तबकात सुकायला ठेवलेले डोळे छताकडे बघत होते. त्यांना काही सुचतंय असं वाटावं इतके ते शांत होते.

रंगताई दाराकडे पाठ करून बसली होती. आत्यांची चाहूल लागली तशी तिनं हातातली चकती चटकन तळव्याखाली झाकली.

"काम चालू दे गं. मी काही साहेब नाही."

"काही नाही, जरा... धूळ पुसत होते."

धुळीला निळा रंग नसतो, आणि तिच्या ब्रशच्या टोकाला होता. आत्यांनी कानाडोळा केला. रंगाच्या बाटल्यांवर ठसठशीत मोठ्या अक्षरांत नवी लेबलं लावलेली त्यांना दिसली. सुंदर, गोलसर अक्षर.

"तुझं अक्षर का?"

"हो. जुनी पुसट झाली होती."

"किती वर्षं झाली तुला इथं?"

"मी फ्रॉकमध्ये आले होते, आत्या. काका ओरडायचे, आधी पांढरा ओळखायला शीक. पांढरे किती असतात हे बाहेर कुणाला माहीतच नसतं म्हणायचे."

"उद्या धाकटा थकला, तर हे सगळं तूच चालवशील."

रंगताईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही. "असं बोलू नका. काकांशिवाय मला यातलं काही नको." आणि ती उठून मागच्या अंगणात निघून गेली. झाकलेली चकती मात्र टेबलावरच राहिली. एक बुबुळ, अर्धं शेवाळी, अर्धं निळं. कुणीतरी पूर्ण केलेल्या रंगावर कुणीतरी दुसरा रंग चढवत होतं.

काका उठल्यावर आत्या म्हणाल्या, "मला त्या डिस्कचा नकाशा दाखव की. तुमच्या त्या पोरानं सांगितलंय."

"त्याचं नाव काढू नकोस," असं म्हणत काकांनी नकाशा उघडला. पडद्यावर आडवी लांबलचक पट्टी आली. आत्या पुढं सरकल्या. हे त्यांच्या ओळखीचं होतं. आखलेले तुकडे, हद्दी, एकाला लागून दुसरा.

काकांनी बोट ठेवलं. "हा सी. हा डी. इथपासून ते पार शेवटपर्यंत सगळं मोकळं. काळं. त्यात काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही. मी पहिल्याच दिवशी बघितलं. रोज बघतोय."

आत्यांनी त्यांच्या बोटाखाली पाहिलं. काळी पट्टी सलग नव्हती. डी संपल्यावर लगेच, काळं सुरू होण्याआधी, एक अरुंद गडद निळा तुकडा स्पष्ट उभा होता. त्यावर अक्षर नव्हतं. काकांचं बोट त्याच तुकड्यावर टेकलेलं होतं.

"सगळं काळंच," काका पुन्हा म्हणाले.

आत्यांनी पडद्यावरून नजर काढून काकांकडे पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या तोंडावर खोटं बोलत होता.

४

मोजणीला गेल्यावर खुणेचा दगड सापडला तरी आत्या त्याला लगेच हात लावत नसत. आधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलायच्या. म्हणून त्या निळ्या तुकड्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एक शेजारी अजून राहिला होता.

रेडिओच्या इमारतीत आवाज गिळून टाकणारा गालिचा होता. चालताना आपली पावलं दुसऱ्याच कुणाची तरी वाटत. बातमीवाली काळा चष्मा लावून एका छोट्या खोलीत बसली होती आणि बोटांनी उठावाच्या ठिपक्यांचे कागद वाचत होती. तिची आई कोपऱ्यात शालीचं टोक पिळत होती.

"सापडलं का हो काही?" आई उठूनच उभी राहिली. "मला दुसरं काही नको. हिचे डोळे जसे होते तसे हवेत. घरी मी हिच्याशी बोलते तेव्हा कुठं बघून बोलू, कळत नाही मला."

"आई, बस," मुलगी हळूच म्हणाली. तोच आवाज, जो संध्याकाळी आत्यांच्या स्वयंपाकघरात असायचा. इतक्या जवळून ऐकताना आत्यांना आपणच रेडिओच्या आत शिरल्यासारखं वाटलं. "आत्या, काका कसे आहेत?"

"काळजीत आहे."

"जिना नीट उतरतात ना?"

आत्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "जिन्याचं काय?"

"काही नाही. हल्ली ते आतल्या खोलीतून येतात तेव्हा भिंतीवरून तळवा घासत येतात. पूर्वी नाही यायचे. माझाही हात तसाच लागतो ना भिंतीला, म्हणून तो आवाज माझ्या ओळखीचा आहे." तिनं ठिपक्यांचे कागद बाजूला सारले. "आत्या, समजा फोटो सापडले. तर काका लगेच रंगवायला घेतील?"

"त्याच दिवशी घेईल."

"मग थोडे दिवस नाही सापडले तरी चालतील," बातमीवाली म्हणाली.

आईनं डोक्याला हात लावला. "बघा! हिचे डोळे हरवलेत आणि हिला जिन्याची पडलीय!"

परतताना आत्या चालत निघाल्या. रस्त्यावर धुकं उतरत होतं. दिव्यांभोवती पिवळी कडी होती. समोरची दुकानं, माणसं, सायकली, सगळ्यांच्या कडा विरघळल्या होत्या. निळ्या कोटातला एक माणूस पुढं चालला होता. थोडा लांब गेला आणि त्याचा कोट काळा झाला.

आत्या रस्त्यातच थबकल्या. मागून येणाऱ्यानं त्यांना जवळजवळ धडक दिली.

"बरं वाटत नाही का आजी?"

"वाटतंय," आत्या म्हणाल्या. "आत्ताच वाटायला लागलंय."

धाकटा खोटं बोललाच नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, खिडकीतून भरपूर उजेड येत असताना, आत्यांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. फुंकऱ्या दारातच अडखळला. काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण बहिणीपुढं त्यांचं काही चालत नसे. बातमीवाली आणि तिची आई बाकावर बसल्या. रंगताई तबकाजवळ उभी राहिली.

आत्यांनी नकाशा उघडला. "फोटो हरवलेले नाहीत. याच डिस्कवर आहेत, डीच्या शेजारी, एका बिनअक्षराच्या खोलीत."

बातमीवालीच्या आईनं हुंदका दिला. फुंकऱ्या दोन ढांगांत पडद्यापाशी पोचला. "ही काय! ही तर शेंबडं पोरही..." आणि तो गप्प झाला, कारण आत्यांनी त्याला खुणेनं थांबवलं होतं.

"मलाही तेच कोडं पडलं होतं. फोटो नाहीसेच करायचे असते, तर पुसून टाकायचे. चोरायचे असते, तर बरोबर न्यायचे. हे ज्यानं केलं त्यानं ते इथंच ठेवले, जपून. बरं, लपवायचे म्हणावे तर कुणीही नकाशा उघडला की दिसतील असे ठेवले. या पोराचं म्हणणं खरं आहे, हे काही लपवणंच नव्हे. मग मी विचार केला, कदाचित सगळ्यांपासून लपवायचं नसेलच. फक्त एकाच माणसापासून लपवायचं असेल."

आत्या काकांकडे वळल्या.

"धाकट्या, तू रोज नकाशा बघतोस. माझ्यासमोर याच तुकड्यावर बोट ठेवून म्हणालास, सगळं काळंच. सांग, हा तुकडा कोणत्या रंगाचा आहे?"

"सांगितलं ना, काळा." काकांचा आवाज चढला. "कितीदा विचारशील?"

"आणि त्याच्या पुढचा?"

"तोही काळा! सगळा काळा आहे!"

फुंकऱ्यानं नजर जमिनीकडे वळवली. काकांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणीच काही बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते का बोलत नाहीत हेही.

"निळा आहे तो, धाकट्या," आत्या हळू म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. निळा तुला काळा दिसतो. म्हणून तू रंगवतोस ती निळी बुबुळं शेवाळी होतात, आणि तू दुपारी आडवा झालास की कुणीतरी ती दुरुस्त करतं. बाटल्यांवर मोठी अक्षरं त्याच माणसानं लिहिलीत. नंबरही त्यालाच पाठ. खोली कशी बांधायची हेही त्यानंच या पोराकडून बघून घेतलं."

"रंगताई?" काका म्हणाले. एवढंच म्हणाले. पण तिच्या अंगावर कुणी गरम पाणी ओतावं तशी ती कळवळली.

"मी ते पुसले नाहीत काका, खरंच नाही. नुसते बाजूला..."

"तिला ओरडू नका." बातमीवाली उठून उभी राहिली. "मीच तसं करायला सांगितलं. डोळे माझे आहेत, नंबरही माझा."

तिच्या आईनं "काय!" म्हणून जो सूर काढला तो रस्त्यापर्यंत गेला असेल.

"आई, ऐकून घे. साच्यासाठी आलो होतो ना, तेव्हा तू दुकानात गेलीस. काका भिंत चाचपत आत गेले आणि मला रंगताईंच्या रडण्याचा आवाज आला. मी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बाकी लोकांचा दुसरा डोळा समोर असतो, त्याच्याकडे बघून त्या गुपचूप सारखं करत होत्या. माझा समोर डोळाच नाही. आणि काकांनी बजावलं होतं, हिचे दोन्ही मीच शेवटपर्यंत करणार, कुणी हात लावायचा नाही. म्हणून मी म्हटलं, ते डॉक्टरकडे जाईपर्यंत फोटोच त्यांना दिसायला नकोत."

"मग सरळ मला का नाही सांगितलंत?" काका ओरडले. "मी काय वाघ आहे?"

"सांगितलं होतं," रंगताई म्हणाली. "तीनतीनदा सांगितलं. तुम्ही ब्रश फेकलात."

"आणि मी म्हटलं होतं, काका, डॉक्टरला दाखवा," बातमीवाली म्हणाली. "तुम्ही हसून म्हणालात, बाळ, तू आपल्या बातम्या वाच."

काका खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी तबकातल्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, मांजराला कुरवाळावं तसं.

"ताई, माझ्याकडे कोण येतं सांग? ऑपरेशनच्या टेबलावर ज्यांचं बरं होतं ते सरळ घरी जातात. ज्यांचं बिघडतं तेच माझ्या पायऱ्या चढतात. जन्मभर मी तेवढेच पाहिलेत. लोक म्हणतात साधी शस्त्रक्रिया. मी नाही एकही साधी पाहिली." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मला भीती वाटते गं."

आत्यांना तो लहान असताना दिसायचा तसा दिसला, दाराआड उभा राहिलेला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बातमीवाली चाचपत पुढं आली. काकांच्या खुर्चीची पाठ तिला सापडली. "काका, माझ्या डोळ्याला उपाय नव्हता. सगळे करून पाहिले. तुमच्या डोळ्याला आहे. आणि माझे डोळे मला थोडेच दिसणार आहेत? ते आईला दिसतील, रोज. चुकीच्या रंगाकडे बघून तिनं जन्मभर माझ्याशी बोलायचं का?"

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. मग ते फुंकऱ्याकडे वळले.

"उभा काय राहिलास? दे त्या खोलीला अक्षर."

फुंकऱ्यानं सवयीनं आधी कीबोर्डवर फुंकर मारली. खोलीला ई हे अक्षर मिळालं, दार उघडलं आणि पडदाभर एकच बुबुळ उमललं. बातमीवालीच्या आईनं तोंडावर पदर धरला.

"मला शेवाळासारखं दिसतंय," काका म्हणाले. "तू सांग रंगताई. कसं आहे?"

"ढग दाटून आलेत आणि मध्येच थोडं आभाळ उरलंय, तसं. कडेला गंजाची बारीक रेघ."

काका डोळे मिटून ऐकत राहिले.

६

शस्त्रक्रियेच्या दिवशी काकांनी आत्यांचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यांच्या बांगडीचा वळ उठला. आत गेले तेव्हा पांढरेफटक, बाहेर आले तेव्हा वैतागलेले. "एवढंच होतं?" ते परत परत विचारत होते. जणू कुणीतरी त्यांना फसवलंय.

दुसऱ्या डोळ्याचंही उरकल्यावर ते कारखान्यात परतले. दारात उभे राहून त्यांनी भिंतींकडे पाहिलं.

"या केव्हा पांढऱ्या केल्या?"

"पहिल्यापासून पांढऱ्याच आहेत, काका," रंगताई म्हणाली. "तुम्हीच रंग निवडला होता."

मग त्यांनी गेल्या काही महिन्यांतली कामं खणातून काढली. रंगताईनं दुरुस्त केलेली प्रत्येक चकती उजेडात धरून पाहिली. शेवटी म्हणाले, "ही निळी माझ्यापेक्षा चांगली जमलीय," आणि खण बंद केला. फुंकऱ्याच्या दुकानी ते स्वतः गेले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण परतताना त्यांच्या हातात एक दुरुस्त केलेला रेडिओ होता. त्यांना नको असलेला.

बातमीवालीचे डोळे दोघांनी मिळून केले. एक काकांनी, एक रंगताईनं, आणि कोणता कुणाचा हे दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. बसवायच्या दिवशी आत्याही आल्या होत्या. काकांनी तिच्या पापण्या हळुवार उचलल्या, एक डोळा सरकवला, मग दुसरा. मागं सरून पाहिलं. एक पाऊल आणखी मागं गेले.

मुलगी ताठ बसून होती. खिडकीतला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि दोन घारे, निळसर डोळे समोर बघत होते. तिला काहीच दिसत नव्हतं. फक्त कुणीच काही बोलत नाही एवढं तिला कळत होतं.

"आई?" ती म्हणाली. "आहेस ना? बोल की काहीतरी. कसे झालेत?"

आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं तिच्या डोळ्यांत पाहिलं, पाहतच राहिली. मग एकदम तिनं हात पुढं करून मुलीच्या कपाळावरच्या बटा मागं सारल्या.

"किती वेळा सांगितलं गं तुला," ती म्हणाली, "केस बांधून बाहेर पडत जा. सगळे डोळ्यांवर येतात."